पागनीसबाबूंनी सोडलेलं नाव

स्नेहलतागंजातल्या आमच्या दुकानात नवा माणूस आला की दारातूनच विचारायचा, नेट चालू आहे का. पागनीसबाबूंनी तसं विचारलं नाही. चपला बाहेर काढून ते आत आले, ओळीनं मांडलेल्या तीन कॉम्प्युटरांकडे जरा अविश्वासानं बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या या मशीनमध्ये माणसाचं नाव किती अक्षरांपर्यंत मावतं?"

मी म्हटलं, हवं तेवढं मावतं.

"असं मोघम नको. रघुनाथप्रसाद रामअवतार विश्वकर्मा, एवढं मावेल?"

मी टाइप करून दाखवलं. त्यांनी खिशातला चष्मा लावला, पडद्यावरचं एकेक अक्षर वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसले. ती खुर्ची पुढची सहा वर्षं त्यांचीच होती.

अक्षरांचं कोडं मला नंतर उलगडलं. पागनीसबाबू रत्नप्रभा मिलच्या टाइम ऑफिसात होते, म्हणजे फाटकाला लागून असलेल्या त्या खोलीत, जिथे प्रत्येक पाळीच्या कामगारांची हजेरी लागायची. मिल बंद पडण्याआधीची दोन वर्षं पगाराच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर छापल्या जात, आणि त्या कॉम्प्युटरला बारा इंग्रजी अक्षरांपुढचं नाव चालत नसे. रघुनाथप्रसादचा रघुनाथप्र व्हायचा. बाबू प्रत्येक चिठ्ठीवर राहिलेलं नाव पेनानं पुरं करून मगच ती खिडकीतून बाहेर द्यायचे. मॅनेजरनं हटकलं तेव्हा म्हणाले होते म्हणे, अर्ध्या नावाचा माणूस मी कधी आत घेतला नाही, मग बाहेर कसा सोडू.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्यासारख्या घरांत त्याची झळ कमीच पोचली. बातम्या वाचल्या, हळहळलो, आणि मग शहरात नव्या गाड्या, नवे चॅनल, नव्या नोकऱ्या आल्या तेव्हा त्यातच रमलो. माझ्या नवऱ्याला पीथमपुरात चांगली नोकरी लागली आणि मी हे दुकान टाकलं. लोकांना ईमेल काढून द्यायचे, बायोडेटा टाइप करायचे, आणि ज्याला वेबसाइट हवी त्याला डोमेन घेऊन द्यायचं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या घराचं नाव. जो आधी मागेल त्याच्या नावे ते लागतं, आणि दर वर्षी फी भरली की त्याचंच राहतं. निदान तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं.

पागनीसबाबूंना रत्नप्रभा मिलच्या नावाचं डोमेन हवं होतं. तिथे त्यांना एकच गोष्ट ठेवायची होती: मिलमधल्या कामगारांची यादी. पूर्ण नाव, खातं, ज्यानं मिलमध्ये कामगार ओळखला जाई तो टिकट नंबर, कधी लागला, कधी सुटला. मिलचा दफ्तरखाना सरकारी कुलपात होता. कुणाला नोकरीचा दाखला हवा असला की त्याला या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरवत. बाबूंकडे रजिस्टरं नव्हती, पण खिशातल्या डायऱ्या होत्या, तीसेक वर्षांच्या. शिवाय डोकं होतं. डायरीत नसेल ते डोळे मिटून सांगत आणि मी टाइप करत असे. यादीच्या तळाशी त्यांनी एक ओळ घालायला लावली होती: 'मूळ रजिस्टरशी ताडून पाहायची आहे.' ती ओळ त्यांना यादीइतकीच महत्त्वाची वाटे. रजिस्टरं कुलपात आहेत, एक दिवस कुलूप निघेल, आणि आपण शेजारी बसून एकेक नाव ताडू, हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

उंच, सडसडीत माणूस. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल फक्त गैरहजेरीला. मनगटावर घड्याळ नाही. टाइम ऑफिसचा माणूस आणि घड्याळ नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले की भोंगा होता ना. आमच्या भागातल्या जुन्या लोकांच्या मराठीत असतात तसे त्यांच्या बोलण्यात हिंदी शब्द सहज येत, पण नाव घेताना ते थांबून, नीट, तिन्ही भागांत घेत. मलासुद्धा त्यांनी कधी नुसतं 'मॅडम' म्हटलं नाही. पहिल्याच दिवशी माझं, नवऱ्याचं आणि सासरचं नाव विचारून घेतलं आणि त्यानंतर मी वृंदाबाई झाले.

त्यांचं एक वाक्य होतं, "आला तो आला." म्हणजे हजेरीच्या वेळी फाटकातून जो आत आला त्याची हजेरी लागणार. मग तो भांडखोर असो, दारुडा असो, मॅनेजरच्या डोळ्यात सलणारा असो. आणि जो आला नाही त्याची लागणार नाही, मग तो कुणीही असो.

या दुसऱ्या भागाची किंमत त्यांच्या घरानं मोजली. त्यांचे मेहुणे, म्हणजे पागनीसकाकूंचे सख्खे भाऊ, मिलच्या कँटीनच्या ठेकेदाराकडे काही महिने कामाला होते. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये जागा ठेवल्या आहेत असं त्यांना कळलं आणि ते यादीत नाव चढवा म्हणून आले. आमच्याच दुकानात आले, हातात शेवेचा डबा घेऊन. बाबूंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की तुम्ही ठेकेदाराच्या हजेरीत होता, मिलच्या नव्हे. मेहुणे म्हणाले की दोन हजार नावांत एक कोण बघतंय. बाबू म्हणाले, "तेच तर. एक खोटं चढलं की बाकीचे दोन हजार खोटे ठरवायला तेवढं पुरतं." मेहुणे डबा तिथेच ठेवून गेले आणि पुन्हा त्यांच्या घरी आले नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला काकूंनी चंद्राला ओवाळलं. हे मला बाबूंनी नाही, काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग होता की अभिमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा दुकानासाठी सामान घ्यायला मी सियागंजात गेले होते आणि बाबू वाटेत भेटले म्हणून बरोबर आले. एका गोदामासमोर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन चालला होता. बाबू थांबले आणि म्हणाले, "मुन्नालाल गेंदालाल चौहान. रिंग खाता, दूसरी पाली." तो माणूस मान न वळवता म्हणाला, "कोई और होगा बाबूजी." आणि पुढे गेला. मला वाईट वाटलं, मी काही तरी बोलायला गेले, तर बाबूंनी डायरी काढली, त्या नावापुढे 'हयात' असं लिहिलं आणि ती खिशात ठेवली. आठवड्यानं तो माणूस धुतलेला शर्ट घालून दुकानात आला. आपलं नाव पडद्यावर बघितलं, छापील कागद मागून घेतला, त्याची घडी केली आणि गेला.

अशी माणसं येत राहिली. पोरगा, सून, शेजारी, कुणालातरी बरोबर घेऊन. कुणाला दाखल्यासाठी कागद हवा असे. काही ऑफिसं तो मानत, काही नाही. बऱ्याच जणांना फक्त बघायचं असे.

नितीन सोनवणेचा ईमेल आला तो याच काळात. मुंबईत नोकरीला होता, मूळचा परदेशीपुऱ्यातला. त्यानं लिहिलं होतं की माझे वडील एकनाथ तुकाराम सोनवणे विणाई खात्यात होते, त्यांचं नाव यादीत दिसत नाही. बाबूंनी डोळे मिटले आणि लगेच म्हणाले, टिकट बाराशे अडतीस. एवढं चांगलं माणूस सुटलंच कसं म्हणून स्वतःवर चिडले. मी नाव चढवलं. त्यानंतर नितीन दर पंधरा दिवसांनी दुकानाच्या फोनवर फोन करायचा आणि बाबूंशी बोलायचा. काका म्हणायचा. असा पोरगा पाहिजे, असं बाबू एकदा म्हणाले. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

पुढे एका कापड कंपनीनं लिलावात रत्नप्रभा हे नाव विकत घेतलं. मिल नव्हे, नुसतं नाव आणि छाप, आणि काही किरकोळ सामान. त्यांना त्या नावाचे शर्ट काढायचे होते. त्यांचं पत्र आलं की डोमेन आमच्या स्वाधीन करा, झालेला खर्च भरून देऊ. बाबूंच्या सांगण्यावरून मी नम्रपणे नाही म्हणून कळवलं. मग बरेच महिने काही आलं नाही आणि मी ती गोष्ट विसरले.

एका सकाळी परदेशातल्या एका लवाद कचेरीकडून ईमेल आला. डोमेनवरून भांडण झालं तर ते कोर्टात न जाता अशा लवादाकडे जातं, हे मला त्या दिवशी कळलं. नोंदणी करताना आपण न वाचता ज्या अटींना हो म्हणतो त्यांतच ते लिहिलेलं असतं. कंपनीनं तक्रार केली होती की नाव आमचं आहे आणि पागनीस नावाच्या इसमानं ते खोट्या हेतूनं अडवून ठेवलं आहे. मला हसू आलं. शर्ट विकणारा कोण आणि अडवणारा कोण. मी उत्साहानं सगळे कागद छापायला घेतले. तक्रारीला पुरावे जोडलेले होते. सातव्या क्रमांकाचा पुरावा मशीनमधून बाहेर आला आणि अक्षर बघून मी छपाई थांबवली.

ते बाबूंच्या अक्षरातलं पत्र होतं. ते सुरेख, उभं, टाइम ऑफिसचं अक्षर. इंग्रजीत लिहिलेलं आणि खाली तिन्ही नावांची सही. त्यात होतं की मी हे नाव तुम्हाला द्यायला तयार आहे, जर तुम्ही मला त्या बदल्यात टाइम ऑफिसची सर्व हजेरी रजिस्टरं द्याल तर. पत्र ज्याला लिहिलं होतं त्याचं नाव वर होतं: श्री. नितीन एकनाथ सोनवणे, विधी विभाग. कंपनीच्या वकिलांनी त्यातलं 'त्या बदल्यात' एवढंच अधोरेखित केलं होतं. नाव अडवायचं आणि मग मोबदला मागायचा, हाच तर खोटा हेतू, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मला पहिला धक्का बसला तो बाबूंचा. दोन हजार लोकांचं नाव आणि या माणसानं मला न सांगता ते द्यायला काढलं. नितीनचा धक्का नंतर बसला.

बाबू आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय. मग सांगितलं. नितीन त्या कंपनीत लागला होता. त्यानं फोनवर सांगितलं होतं की काका, सामानाबरोबर टाइम ऑफिसची चावीही आता आमच्याकडे आली आहे, रजिस्टरं मिळवून देतो, तुम्ही फक्त तुमच्या बाजूनं लिहून द्या, म्हणजे मला वर दाखवता येईल. बाबूंनी दोन दिवस विचार केला आणि लिहून दिलं.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुम्ही नको म्हणाला असतात," ते म्हणाले. "वृंदाबाई, नाव म्हणजे दारावरची पाटी. रजिस्टर म्हणजे आतली माणसं. मला माणसं पाहिजे होती."

बातमी परदेशीपुऱ्यात पोचायला वेळ लागला नाही, आणि पोचली ती अर्धीच. बाबूनं मिलचं नाव विकायला काढलं. दोघे-तिघे दुकानात येऊन मलाच विचारून गेले. एक म्हातारा दारात उभा राहून बाबूंकडे नुसता बघत राहिला. बाबूंनी एकालाही उलगडून सांगितलं नाही. मी त्यांच्या वतीनं सांगू लागले की ते मला हातानं थांबवत.

लवादाला उत्तर मी लिहिलं. यादीची पानं जोडली, दाखले मिळालेल्यांची पत्रं जोडली, पत्रामागची सगळी हकीकत लिहिली. महिन्याभरानं निकाल आला. लवादानं यादीबद्दल दोन बऱ्या ओळी लिहिल्या होत्या. पण नाव हुबेहूब कंपनीच्या छापाचं आहे आणि ते सोडण्यासाठी मोबदला मागितला गेला, तो पैशात नव्हता म्हणून फरक पडत नाही, असं म्हणून डोमेन कंपनीच्या नावे करण्याचा हुकूम दिला होता. हुकूम अमलात यायला कामाचे दहा दिवस. त्या दहा दिवसांत कोर्टात दावा लावला तर तो थांबतो.

तुकोगंजात माझे एक गिऱ्हाईक वकील होते. त्यांनी कागद वाचले आणि सांगितलं की फी नको, मी लढतो. पण एक अडचण आहे. कंपनी म्हणेल, पत्र तुम्ही आपखुशीनं लिहिलं. तुम्हाला फसवून लिहून घेतलं, याचा पुरावा काय? तरी लावू दावा. बाबू हो म्हणाले. सह्या दुसऱ्या दिवशी करायच्या ठरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या आधी एकनाथ सोनवणे आले.

मी त्यांना ओळखत नव्हते. बारीक चणीचा, पांढरी टोपी हातात घेतलेला माणूस दारात उभा होता. बाबू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या एकनाथराव." मग ते कोण ते मला कळलं, आणि मला वाटलं त्यांना बाहेरच थांबवावं. बाबूंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

एकनाथरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बाबूजी, माझं नाव काढून टाका त्या लिस्टमधून."

"का?"

"पोरानं असं केल्यावर... मतलब, शरम वाटते हो."

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं पाळीवर आलात. मी स्वतः हजेरी लावली. आला तो आला. ते मी कसं काढू?"

एकनाथरावांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं.

"रजिस्टरं नाहीत बाबूजी. दोन वर्षं झाली. मिल बंद झाल्यावर मला तिथे चौकीदार ठेवलं होतं ना, तेव्हा रद्दीवाल्याचा ट्रक आला. सायबांची चिठ्ठी होती. मीच भरून दिली. मीच, या हातांनी."

म्हणजे नितीनलाही ठाऊक नसणार, मी पटकन म्हणाले. तो तरी काय करणार. मला ते खरं असावं असं वाटत होतं.

"त्याला मालूम होतं," एकनाथराव म्हणाले. "त्या पत्राच्या आधीच्या दिवाळीत घरी आला तेव्हा मीच सांगितलं. जेवताना सांगितलं."

दुकानात आणखी एक मुलगी बायोडेटा टाइप करत होती. तिचीही बोटं थांबली. जे कागद जगात उरलेच नव्हते त्यांची आशा दाखवून त्या मुलानं ते पत्र लिहून घेतलं होतं, काका म्हणून, दर पंधरा दिवसांनी ख्यालीखुशाली विचारत. मी बाबूंकडे बघायला धजत नव्हते. बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता, जसा झोपेतून उठवलेल्या माणसाचा असतो. त्यांनी विचारलं, किती होती.

"एक ट्रक."

"भिजलेली?"

"वरची थप्पी. खालची कोरडी होती."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मग एकनाथरावच म्हणाले की वकिलाला बोलवा. मी लिहून देतो, अंगठा देतो, कोर्टात उभा राहतो. मुलानं माझ्याकडून ऐकून, समजून-उमजून फसवलं असं सांगतो. मी ताडकन उठले. वकील ज्या पुराव्यासाठी अडले होते तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. मी फोन उचलला.

"ठेवा तो," बाबू म्हणाले. "वृंदाबाई, फोन ठेवा."

ते एकनाथरावांकडे वळले. "बापानं पोराविरुद्ध दिलेला कागद मी कोर्टात लावणार नाही. तुम्हाला त्याच्याच घरी म्हातारपण काढायचंय. नाव जाऊ दे."

मी खूप बोलले. आता लिहायला लाज वाटते इतकं बोलले. म्हटलं, हे नाव तुमच्या एकट्याचं आहे का? दोन हजार लोकांना काय सांगायचं? लोक तुम्हाला विकाऊ म्हणतायत, ते तुम्हाला चालतं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, यादी कुठे जात नाही, ती आपल्याजवळ आहे. आणि म्हणणाऱ्यांना म्हणू दे. एकनाथराव तिथेच बसून रडत होते, आवाज न करता, आणि बाबू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. वकील आले तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी त्यानंतर चार दिवस बाबूंशी बोलले नाही. ते रोज येत, बसत, आणि जात.

त्या चार-सहा दिवसांत ते फक्त एक गोष्ट मागत. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते कुणालाही बघता येतं. ते पान ते मला रोज उघडायला लावत. मालक: मधुकर विनायक पागनीस. ते बघून पान बंद करायला सांगत. मुदत संपल्यावर दुसऱ्या सकाळी उघडलं तेव्हा तिथे कंपनीचं नाव होतं. कधी बदललं, कुणी बदललं, काही दिसलं नाही. बाबू म्हणाले, "खातेबदली झाली." आणि उठून घरी गेले.

आठवडाभर त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. मग एका दुपारी फुलाबाई सुनेला घेऊन आल्या. त्यांचा नवरा सूत काढायच्या रिंग खात्यात होता, वर्षातून एकदा तरी त्या त्याचं नाव बघून जायच्या. सुनेनं सवयीनं जुना पत्ता टाइप केला. पडद्यावर एक देखणा मुलगा हसत होता, अंगात आकाशी शर्ट, मागे समुद्र. फुलाबाई पुढे वाकल्या, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बेटा, ये कौन से खाते में था?"

बाबू त्या दिवशी तिथे नव्हते, एवढंच बरं.

यादी मी दुसऱ्या नावावर चढवली. ते नाव काय घ्यायचं यात बाबूंनी रस दाखवला नाही, तेव्हा मीच काही तरी घेतलं. जुना पत्ता लोकांना पाठ होता, नवा पोचायला वेळ लागला. कितीतरी जणांपर्यंत पोचलाच नाही. यादीच्या तळाशी असलेली 'मूळ रजिस्टरशी ताडून पाहायची आहे' ही ओळ काढायला मी बाबूंना सुचवलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. आम्ही दोघं त्या ओळीकडे न बघता काम करत राहिलो.

पुढच्या वर्षी एकनाथराव गेले. तेराव्याला बाबूंनी मला बरोबर चला म्हटलं. मला जायचं नव्हतं. पण त्यांनी असं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून गेले.

परदेशीपुऱ्यातलं दोन खोल्यांचं घर. नितीन दारातच होता, केस काढलेले, वयानं आणखी लहान दिसत होता. बाबूंना बघून तो गडबडला, मग वाकून पाया पडला. काही तरी पुटपुटला, नोकरी, वरून दबाव, असलं काही. बाबूंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाले, आधी लोकांना वाढून घे. आणि ते पंगतीत जाऊन बसले. मला पुन्हा धक्का बसला. त्या घरी, त्या मुलाच्या हातचं, हा माणूस जेवतोय. नितीन पुरणपोळी घेऊन समोर आला. बाबूंनी पान पुढे केलं. दुसऱ्यांदा वाढायला आला तेव्हाही नाही म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर ते फोटोपाशी गेले. फोटोपुढे एकनाथरावांच्या चार वस्तू ठेवलेल्या होत्या. टोपी, तपकिरीची डबी, चष्मा आणि मिलचा पितळी बिल्ला. प्रत्येक कामगाराला असा बिल्ला मिळायचा, त्यावर त्याचा टिकट नंबर ठोकलेला असे. बाबूंनी तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि तिथेच उभे राहिले. मी जवळ गेले. बिल्ल्यावर आकडा स्वच्छ होता: १२८३.

आमच्या यादीत बाराशे अडतीस होता.

परतीला आम्ही सवारीच्या टेम्पोत बसलो. रजिस्टरांचा ट्रक ऐकला त्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं हादरलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आठ आणि तीन उलटे झाले, एवढंच ना. ते बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले तर ते बंद शटरपुढे पायरीवर बसलेले. आत आल्यावर आधी तो नंबर दुरुस्त करायला लावला. मग म्हणाले की तळाची ओळ काढा. आणि अगदी वर, नावांच्या आधी, लिहा: 'ही यादी आठवणीवरून केलेली आहे. मूळ रजिस्टर उपलब्ध नाही. चूक असू शकते.'

मी हात मशीनवरून काढून घेतले. म्हटलं, असं लिहिलंत तर हा कागद कुठलं ऑफिस मानेल? ज्यांना थोडाफार उपयोग होतो तोही जाईल.

"एक चूक मला सापडली," ते म्हणाले. "सापडल्यावर मी गप्प बसलो, तर मग माझ्यात आणि त्या पोरात काय फरक?"

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, डायरी खिशात घातली आणि निघाले. त्यानंतर त्यांचं दुकानात येणं तुटक झालं. आले तर पाच-सात नंबरांची दुरुस्ती घेऊन येत, उभ्याउभ्या सांगत आणि जात. कुठून आणता, असं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि आम्ही दुकान विकलं. सामान बांधायच्या धांदलीत मी एकदा टेम्पोनं परदेशीपुऱ्यातून जात होते. चौकात टेम्पो सवारीसाठी थांबला. बाजूच्या गल्लीत, ओळीतल्या तिसऱ्या घराच्या ओट्यावर, पागनीसबाबू उकिडवे बसलेले दिसले. ऐन दुपार होती. त्यांच्यासमोर एका म्हातारीनं पत्र्याचा डबा उपडा केला होता: बटणं, किल्ल्या, बिजागऱ्या, जुनी नाणी, तुटलेली मण्यांची माळ. दोघं माना घालून त्या ढिगातून एकेक वस्तू बाजूला सारत होती. मी हाक मारणार होते. तेवढ्यात म्हातारीनं काही तरी पितळी उचललं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उन्हाकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब केलं.

टेम्पो सुटला.